विरजणातला जिवाणू आणि क्षयाची परीक्षा

२००८ सालची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका घरात आजोबांना क्षय झाल्याचे निदान झाले. दीड-दोन महिने खोकला अंगावर काढलेला. शेवटी बेडका तपासला, तर त्यात जंतू सापडले. सरकारी दवाखान्यातून औषध सुरू झाले आणि घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या, असे सांगण्यात आले. घरात आजी, मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. नातीच्या हातावर मांटू चाचणीची सुई टोचली. तिसऱ्या दिवशी तिथे १२ मिलिमीटरचा टणक फुगवटा आला. डॉक्टरांनी पट्टी लावून तो मोजला आणि म्हणाले, ''हे क्षयाचे जंतू शिरल्यामुळे असेल, किंवा जन्मल्यावर बीसीजीची लस टोचली होती तिच्यामुळेही असेल. यावरून नक्की सांगता येत नाही. पण मूल लहान आहे, घरात रोगी आहे. धोका नको. सहा महिने गोळ्या देऊ.''

निर्णय अगदी योग्य होता. पण बाहेर आल्यावर आजींनी मला विचारले, ''सर, नक्की सांगताच येत नव्हतं, तर पोरीला सुई टोचली कशाला?''

मी तेव्हा कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होतो. तरी आजींचे समाधान होईल असे उत्तर मला देता आले नाही.

त्याच घरात थोड्या दिवसांनी आणखी एक गोष्ट घडली. सून खोकू लागली. कुणीतरी सुचवले म्हणून एका खासगी प्रयोगशाळेत तिचे रक्त तपासले. बेडका खाकरून देण्याची किळस नाही, रांगेत उभे राहणे नाही. पैसे मात्र घरच्यांच्या मानाने बरेच पडले. कागदावर 'निगेटिव्ह' असे छापून आले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. अडीच महिन्यांनी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा बेडका तपासला. त्यात जंतू भरपूर होते. ती पुढे पूर्ण बरी झाली. पण ते अडीच महिने ती चार वर्षांच्या मुलीला कुशीत घेऊन झोपत होती. मुलीच्या गोळ्या चालू होत्या, हेच नशीब.

एकाच घरातल्या या दोन चाचण्या. एकीने ठाम उत्तर दिले नाही आणि दुसरीने ठामपणे चुकीचे उत्तर दिले. असे का झाले, आणि त्यानंतर विज्ञानाने त्यावर काय उपाय काढला, हे आज तुम्हांला सांगायचे आहे.

खूण कशाची?

आपल्या शरीरात जंतू शिरला की रोगप्रतिकारक यंत्रणा त्याला ओळखते. कशावरून ओळखते? त्याच्या अंगावरच्या किंवा त्याने बाहेर टाकलेल्या काही पदार्थांवरून. हे पदार्थ बहुधा प्रथिने असतात. त्यांना आपण प्रतिजन म्हणतो, इंग्रजीत अँटिजेन. एकदा ओळख पटली की ती शरीराच्या लक्षात राहते. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी ती आठवण सांभाळतात, तर काही पेशी त्या प्रतिजनाला चिकटणारी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, तयार करतात.

जंतू प्रत्यक्ष हाती लागत नसेल, तेव्हा ही आठवण आपल्या कामी येते. त्या जंतूचा प्रतिजन शरीराला किंवा रक्ताच्या नमुन्याला दाखवायचा आणि ओळख पटते का ते पाहायचे. पटली, तर या माणसाची त्या जंतूशी कधीतरी गाठ पडलेली आहे. कितीतरी चाचण्यांचे तत्त्व एवढेच आहे. सगळा प्रश्न उरतो तो असा की, दाखवायची खूण नेमकी कोणती?

इथेच मांटू चाचणीचे दुखणे आहे.

कॉकची बाटली

रॉबर्ट कॉक या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू शोधल्याचे बर्लिनमध्ये जाहीर केले. पुढे १८९० मध्ये त्याने आणखी मोठी घोषणा केली, क्षयावर आपल्याला औषध सापडले आहे! हे औषध म्हणजे क्षयाच्या जंतूंची वाढ आटवून ग्लिसरीनमध्ये काढलेला अर्क होता. त्याचेच नाव पुढे ट्युबरक्युलिन पडले. युरोपभरातून रोग्यांची बर्लिनला रीघ लागली. इंग्लंडहून आर्थर कॉनन डॉइलही गेला. शेरलॉक होम्सचा हा जनक पेशाने डॉक्टर होता. हे औषध जंतू मारत नाही, पण रोग ओळखायला उपयोगी पडेल, असा त्याचा होरा होता.

तो खरा ठरला. औषध म्हणून ट्युबरक्युलिन फसले. काही रोगी तर दगावले. पण ते टोचल्यावर क्षयी माणसाला ताप भरे आणि निरोग्याला सहसा काही होत नसे, हे सगळ्यांनी पाहिले होते. १९०७ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने त्वचेवर ओरखडा काढून तपासायची रीत काढली आणि १९०८ मध्ये शार्ल मांटू या फ्रेंच डॉक्टराने कातडीच्या थरात सुई टोचायची. तीच आजची मांटू चाचणी. टोचल्या जागी ओळखीचे प्रतिजन दिसले की आठवण ठेवणाऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि दोन-तीन दिवसांत फुगवटा येतो.

परंतु बाटलीत काय होते? अख्ख्या जंतूचा काढा. पुढे १९३०च्या दशकात फ्लॉरेन्स सायबर्ट या अमेरिकन बाईंनी तो बराच शुद्ध केला. तरी ते शेकडो प्रथिनांचे मिश्रणच राहिले.

आपल्या गोडा मसाल्यासारखे हे आहे. दोन घरांचे मसाले वेगळे असतात खरे. पण धने, जिरे, खोबरे, तीळ दोन्हींत सारखेच. धन्याच्या वासावरून मसाला कुणाच्या घरचा, हे कसे सांगणार? क्षयाच्या जंतूचे चुलतभाऊ माती-पाण्यात असतात आणि बीसीजी लशीतला जंतू तर त्याचा सख्खा नातलग. या सगळ्यांत बरीच प्रथिने सामाईक आहेत. मुलीचा हात फुगला तो धन्याच्या वासाने की त्या घरच्या खास जिनसाने, हे डॉक्टरांना कळणे शक्यच नव्हते. लहानपणीच दिलेल्या बीसीजीचा हा परिणाम वयानुसार ओसरतो; पण मूल चार वर्षांचे असेल, तर शंका राहतेच.

हरवलेला तुकडा

तेव्हा हवी होती ती अशी खूण, जी क्षयाच्या जंतूत आहे आणि बीसीजीत नाही. अशी खूण असते का? असते, आणि तिची कहाणी मोठी गमतीची आहे.

आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ या दोन फ्रेंच संशोधकांनी १९०८ मध्ये गाईगुरांत क्षय करणारा जंतू घेतला. बटाट्याचे काप, ग्लिसरीन आणि पित्तरस यांवर ते तो वाढवत राहिले. एका वाढीतून थोडे उचलून दुसरीकडे लावायचे, तिथून तिसरीकडे. असे त्यांनी १३ वर्षे, सुमारे २३० वेळा केले. त्या अवधीत जंतू मवाळ झाला. १९२१ मध्ये तो लस म्हणून पहिल्यांदा बाळाला दिला गेला. हीच बीसीजी.

जंतू मवाळ का झाला, हे त्या दोघांना कळायला मार्ग नव्हता. कारण ७५ वर्षांनी उमगले. त्या १३ वर्षांत जंतूच्या डीएनएचा एक छोटा तुकडा कायमचा गळून गेला होता. जगातल्या कुठल्याही बीसीजीत तो तुकडा नाही. क्षयाच्या जंतूत मात्र आहे. त्यावर जी जनुके आहेत, त्यांतली दोन आपल्या कामाची. एकापासून 'ईसॅट-६' नावाचे प्रथिन बनते, दुसऱ्यापासून 'सीएफपी-१०'. दोन्ही अगदी लहान, शंभरेक अमिनो आम्लांची साखळी. ईसॅट-६ चे वर्णन डेन्मार्कमधल्या स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. १९९८ मध्ये क्षयाच्या जंतूचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला. ४४ लाख अक्षरे आणि सुमारे ४ हजार जनुके. मग तर अशा खुणा शोधणे बरेच सोपे झाले.

म्हणजे लस करताना जे नकळत हरवले, तेच पुढे रोग ओळखण्याची खूण ठरले.

जनुकाचे विरजण

आता ही प्रथिने मिळवायची कुठून? क्षयाच्या जंतूपासूनच काढावीत म्हटले, तर तो महा आळशी. एकाचे दोन व्हायला त्याला २० तासांच्या आसपास लागतात. शिवाय तो जपायचा म्हणजे बंदिस्त प्रयोगशाळा, खास हवा, खास कपडे. आणि एवढे करून हाती येणार पुन्हा मसालाच. त्यातून एक जिन्नस निवडत बसायचे.

यावर तोड १९७३ पासून उपलब्ध आहे. त्या वर्षी स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एका जिवाचे जनुक दुसऱ्या जिवाणूत घालून तिथे नांदवता येते, हे दाखवले. याच विद्येने पुढे जिवाणूंकडून माणसाचे इन्सुलिन करून घेतले गेले. १९८२ पासून ते औषध म्हणून मिळू लागले.

पद्धत थोडक्यात अशी. प्लाझ्मिड नावाची डीएनएची गोल कडी घ्यायची. ती एका विशिष्ट विकराने, म्हणजे एन्झाइमने, कापायची. हे झाले कात्रीचे काम. तिथे ईसॅट-६ चे जनुक बसवून दुसऱ्या विकराने सांधा जोडायचा. ही झाली खळ. मग ती कडी एखाद्या गरीब, पटापट वाढणाऱ्या जिवाणूत सोडायची. जिवाणू वाढतो, त्याबरोबर कडीही वाढते आणि तिच्यावरचा हुकूम वाचून जिवाणू ते परके प्रथिन बनवू लागतो. पुढे ते वेगळे काढायचे आणि शुद्ध करायचे. काही वेळा प्रथिनाच्या टोकाला एक छोटी शेपटी जोडलेली असते. ती विशिष्ट धातूला चिकटते, त्यामुळे बाकीचे सारे धुऊन टाकून हवे ते प्रथिन तेवढे धरून ठेवता येते. अशा प्रथिनाला पुनर्संयोजित, म्हणजेच रीकॉम्बिनंट, प्रतिजन म्हणतात. त्यात क्षयाचा जंतू नाही, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. फक्त त्याची खूण आहे. आणि ती दर वेळी तशीच्या तशी मिळते.

बहुतेक प्रयोगशाळा या कामाला ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू वापरतात. तो २० मिनिटांत दुप्पट होतो. पण त्याच्या आवरणात एक विषारी घटक असतो. प्रथिन माणसाला टोचायचे असेल, तर तो अगदी काटेकोरपणे काढून टाकावा लागतो. डेन्मार्कच्या संस्थेने आपल्या त्वचाचाचणीसाठी वेगळा गडी निवडला, लॅक्टोकॉकस लॅक्टिस. हा कोण? आपण दुधाला विरजण लावतो, त्यात नांदणाऱ्या जिवाणूंपैकी हा एक. दही, ताक, चीज यांतून माणूस शतकानुशतके तो खात आला आहे. त्याच्या अंगात ते विष नसते. म्हणजे ज्या कुळातल्या जिवाणूने आपले ताक आंबट होते, त्यालाच क्षयाच्या खुणा बनवायला बसवले!

ही चाचणी पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाकडे आली. तिचे नाव 'सीवाय-टीबी'. २०२२ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी तिला मान्यता दिली आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अशा प्रकारच्या त्वचाचाचण्या वापरायला हरकत नाही, असे सांगितले. अशाच चाचण्या रशियात आणि चीनमध्येही तयार झाल्या आहेत, त्यांसाठी ई. कोलाय वापरला जातो. करायची रीत मांटूसारखीच, म्हणून आपल्या परिचारिकांना नवे काही शिकावे लागत नाही. हातावर ०.१ मिलिलिटर टोचायचे आणि ४८ ते ७२ तासांनी मोजायचे. फुगवटा ५ मिलिमीटर किंवा जास्त असेल, तर जंतू शिरलेला आहे असे धरायचे. बीसीजीमुळे होणारी दिशाभूल जवळजवळ संपली. जवळजवळ अशासाठी म्हणतो, की माती-पाण्यातल्या एक-दोन चुलतभावांतही ही प्रथिने असतात. पण अशी गाठ क्वचितच पडते.

याच दोन प्रतिजनांवर रक्ताची 'इग्रा' नावाची चाचणीही आहे. तिच्या नळीत या प्रथिनांचे रासायनिक पद्धतीने बनवलेले तुकडे असतात. रक्तातल्या पेशींनी ते ओळखले, तर त्या रात्रभरात इंटरफेरॉन गॅमा नावाचा पदार्थ सोडतात आणि तो मोजला जातो. चाचणी चांगली आहे, पण तिला सुसज्ज प्रयोगशाळा लागते आणि खर्चही बराच येतो.

प्रश्नच चुकला तर

आता सुनेच्या रक्ताकडे वळू. तिथे काय चुकले? त्या चाचण्या रक्तातली प्रतिपिंडे शोधत असत. अशा चाचण्यांतही शुद्ध केलेले, कधी कधी पुनर्संयोजित प्रतिजन वापरलेले असत. म्हणजे माल आधुनिक होता. पण क्षयाचा जंतू आपल्याच पांढऱ्या पेशींच्या आत दडून बसतो. त्याच्याशी झुंज मुख्यतः पेशी देतात, प्रतिपिंडे नव्हेत. एका रोग्यात एका प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात, दुसऱ्यात भलत्याच, तिसऱ्यात कसलीच नाहीत. उलट, निरोगी माणसातही ती सापडू शकतात. खूण कितीही शुद्ध असली, तरी साक्षीदार चुकीचा निवडला तर साक्ष खोटीच येणार.

जगभर वर्षाला अशा दहा लाखांहून अधिक चाचण्या होत होत्या, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये सांगितले आणि त्या वापरू नका, असे स्पष्ट बजावले. जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदीच घातली. आमच्या गल्लीतल्या त्या घराला ती चार वर्षे उशिरा आली.

याचा अर्थ प्रतिपिंडे तपासणे सदैव चुकीचे, असा मात्र घेऊ नका. गरमीचा रोग, म्हणजे सिफिलिस, हे उलट उदाहरण आहे. त्याचा जंतू अनेक दशके प्रयोगशाळेत वाढतच नव्हता. सशाच्या शरीरात वाढवावा लागे. आज त्याची तीन-चार प्रथिने जिवाणूंकडून बनवून घेतात आणि त्यांच्या आधारे रक्तपेढ्यांतल्या रक्ताची तपासणी करता येते. त्या रोगात प्रतिपिंडे भरपूर आणि भरवशाची असतात, म्हणून चाचणी जमते.

२००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. त्या रोगाच्या प्रमाण चाचणीला नाना जातींचे जिवंत जंतू सतत वाढवत ठेवावे लागतात, आणि ते मोजक्याच ठिकाणी जमते. रोग करणाऱ्या लेप्टोस्पायरात असणारे आणि निरुपद्रवी लेप्टोस्पायरात नसणारे 'लिपएल-३२' हे प्रथिन आता पुनर्संयोजित स्वरूपात बनवता येते आणि त्यावर सोप्या चाचण्या उभारल्या गेल्या आहेत. मात्र पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडे पुरेशी तयार झालेली नसतात. तेव्हा पुराच्या पाण्यातून चालून आलेल्या माणसाला ताप आला, तर चाचणीच्या कागदाची वाट पाहत बसायचे नाही. डॉक्टर संशयावरूनच औषध सुरू करतात, ते बरोबरच आहे.

अशा प्रथिनांचा तिसरा उपयोग लशींसाठी. क्षयाच्या जंतूची दोन प्रथिने जोडून केलेली 'एम-७२' ही लस आफ्रिकेतल्या चाचणीत, आधीच संसर्ग झालेल्या प्रौढांना सुमारे ५० टक्के संरक्षण देताना दिसली. तिच्या शेवटच्या टप्प्याच्या मोठ्या चाचणीला २०२४ मध्ये सुरुवात झाली आहे.

चाचणी काय सांगत नाही

नव्या त्वचाचाचणीबद्दल एक गोष्ट मनात पक्की ठेवा. ती संसर्ग सांगते, रोग सांगत नाही. २०१९ ते २०२१ या काळात आपल्या देशात मोठी पाहणी झाली. तीत १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांना क्षयाचा संसर्ग असल्याचे दिसले. म्हणजे तिघांतला जवळजवळ एक. यांतले बहुतेक जण आयुष्यभर ठणठणीत राहतात. जंतू आत निपचित पडून असतो. शंभरातल्या पाच ते दहा जणांना कधीतरी रोग होतो. लहान मुले, एचआयव्ही झालेले आणि घरात क्षयी रोगी असलेले यांना धोका जास्त. रोग नाही, अशी खात्री झाली, तर अशांना प्रतिबंधक गोळ्या देतात. आधी खात्री, मग गोळ्या; हा क्रम मोडायचा नाही.

आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर हातावरची सुई नको आणि प्रतिपिंडांचे रक्तही नको. बेडकाच तपासायचा. तिथे आता जंतूचे डीएनए शोधणारी यंत्रे आहेत. ती तपासणी आणि पुढचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

त्या घरातली चार वर्षांची मुलगी आता मोठी झाली, नर्सिंगला गेली. मध्यंतरी तिचा फोन आला. ''काका, ही नवी चाचणी करून घेतली तर तेव्हाचं कळेल का? जंतू शिरले होते, की तो बीसीजीचा फुगवटा होता?''

मी म्हटले, ''हात फुगला नाही, तर बहुधा तेव्हाही बीसीजीच असावी. पण इतक्या वर्षांनी शपथेवर सांगता येत नाही. फुगला, तर जंतू कधीतरी शिरले एवढे कळेल. कधी शिरले आणि त्या गोळ्यांनी मेले की नाही, हे कळणार नाही.''

ती हसली. आजीचीच नात. म्हणाली, ''मग काका, सुई टोचायची कशाला?''

या वेळी माझ्याकडे उत्तर होते. ''आज हात फुगला नाही आणि पुढे वॉर्डात काम करता करता कधी फुगला, तर तो बीसीजीच्या माथी मारता येणार नाही. गोळ्या वेळेवर सुरू होतील. तेवढ्यासाठी टोचायची.''

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)